‘लोकगीत’ या शब्दाखाली पुरलेली नावे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



इतिहासाने विसरलेल्या लेखिका आणि कलावंत स्त्रिया या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा आहे. असा विषय निघाला की आपण लगेच प्रतिगामी मंडळींकडे, धर्ममार्तंडांकडे, विद्यापीठांतील पंडितांकडे बोट दाखवतो. ते बोट मीही दाखवणार आहे. पण माझी सुरुवात मात्र माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून, म्हणजेच आपल्या चळवळीच्या चुकीपासून होणार आहे.

१९७२-७३ सालची गोष्ट. दुष्काळ आणि महागाई यांनी सामान्य माणसाचे कंबरडे मोडले होते. मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढाकाराने स्त्रियांचे लाटणे मोर्चे निघत होते आणि त्यांचे लोण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोचले होते. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते. आमच्या मोर्चात विड्या वळणारी एक बाई येत असे. सगळे तिला मावशी म्हणत. गोडेतेल, रॉकेल, रेशनचा लाल गहू, सावकार, मामलेदार या सगळ्यांवर जात्यावरच्या ओवीच्या चालीत ती तिथल्या तिथे गाणे रचत असे आणि पन्नास बाया ते उचलून धरीत. त्यातली तीन गाणी आम्ही उतरवून घेतली, सायक्लोस्टाइल करून वाटली. स्टेन्सिल मी माझ्या हाताने कापली होती. गाणी लिहून झाल्यावर खाली काय लिहावे याचा मला क्षणभर प्रश्न पडला, आणि मी लिहिले : ‘लोकगीत’.

त्या शब्दात मला काहीही वावगे वाटले नाही. उलट लोकांची कला लोकांपर्यंत नेल्याचा अभिमानच वाटला. पुढे पुष्कळ वर्षांनी कार्यालयातील जुने कागद लावताना तो पिवळा पडलेला कागद हाती आला आणि मी चरकले. ही गाणी ‘लोकां’नी रचली नव्हती. एका बाईने रचली होती. ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. तिला नाव होते आणि ते मी विचारले नव्हते. मी तिच्या वस्तीत गेले. तेथे आता दुमजली इमारती आहेत. विड्यांचा कारखाना केव्हाच बंद झालेला. दोन म्हाताऱ्यांना ती आठवत होती. पण त्यांनाही ती ‘मावशी’ म्हणूनच आठवत होती.

मित्रहो, एखादी स्त्री इतिहासातून कशी नाहीशी होते, याचे उत्तर मी ग्रंथालयात शिकले नाही. त्या कागदावर शिकले. तिला कोणी हाकलून देत नाही. तिचे नाव विचारायचे राहून जाते, एवढेच.

आता थोडे मागे जाऊ या. आपल्या संतपरंपरेत स्त्रियांचा आवाज आहे, याचा आपण योग्य तो अभिमान बाळगतो. पण त्या स्त्रियांच्या नाममुद्रा पाहा. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. सोयराबाई स्वतःचा उल्लेख चोख्याची महारी असा करते. या मुद्रांमागे भक्तीची नम्रता आहे हे मी नाकारीत नाही. परंतु नम्र तर नामदेवही होते आणि चोखोबाही होते. त्यांनी आपली ओळख कोणाची बायको वा कोणाच्या घरची दासी या नात्याने दिलेली नाही. स्त्रीला कवित्वाच्या देवळात शिरायचे तर पुरुषाच्या नावाचा उंबरा ओलांडावा लागे. त्या उंबऱ्यापर्यंतही ज्यांना पोचता आले नाही, त्यांची तर गणतीच नाही.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला. लिहिलेले टिकण्याची शक्यता वाढली. पण कोणाचे टिकले? फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. १८५५ साली ‘ज्ञानोदय’च्या दोन अंकांत तो प्रसिद्ध झाला. पेशवाईत अस्पृश्यांवर झालेले अत्याचार, वेदांवर एकट्या ब्राह्मणांचा अधिकार सांगणारा धर्म, बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्परही नसलेल्या स्त्रियांचे हाल, हे सारे त्या मुलीने इतक्या रोखठोकपणे मांडले आहे की वाचणाऱ्याने आजही अंतर्मुख व्हावे. हा निबंध आपल्यापर्यंत आला तो मिशनच्या नियतकालिकाने तो छापला म्हणून. त्यानंतर मुक्ताबाईंची लेखणी आपल्याला कोठेही भेटत नाही. जी मुलगी चौदाव्या वर्षी असे लिहू शकत होती, ती चोविसाव्या किंवा चाळिसाव्या वर्षी काय लिहू शकली असती? या प्रश्नापाशी आपण थांबतो. हे थांबणे हाच आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातील एक मोठा अध्याय आहे.

पण मला आज अधिक वेळ ज्यांच्यासाठी द्यायचा आहे, त्या ताराबाई शिंदे. त्यांचे नाव आता आपल्या अभ्यासवर्गांत घेतले जाते. तथापि ते नाव नव्वदांहून अधिक वर्षे कसे लुप्त झाले आणि पुन्हा कसे वर आले, याचा विचार आपण क्वचितच करतो.

ताराबाईंचा जन्म वऱ्हाडात, बुलढाण्याला, १८५० च्या सुमारास झाला. घराणे मराठा, प्रतिष्ठित. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. गावात मुलींची शाळा नव्हती. वडिलांनीच मुलीला घरी शिकवले. लग्न झाले, पण नवरा घरजावई म्हणून राहिला, त्यामुळे सासरचा जाच ताराबाईंच्या वाट्याला आला नाही. त्यांना मूलबाळ नव्हते. हे तपशील मी मुद्दाम सांगते आहे. लेखिका आकाशातून पडत नाही. तिला अक्षर लागते, वेळ लागतो, आणि घरात लेखणी हाती घेण्यापुरती मोकळीक लागते. ताराबाईंना योगायोगाने या तिन्ही गोष्टी मिळाल्या. ज्या समाजात या गोष्टी योगायोगावर सोडलेल्या असतात, तेथे एक ताराबाई लिहिते आणि तिच्यासारख्या हजारो जणी लिहीत नाहीत.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. तिला दिवस गेले होते आणि लोकापवादाच्या भयाने तिने जन्मलेल्या मुलाचा जीव घेतला होता. न्यायालयाने तिला फाशी सुनावली. पुढे ती शिक्षा कमी करण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून चर्चा झडली आणि ‘पुणे वैभव’सारख्या सनातनी पत्राने साऱ्या स्त्रीजातीच्याच नीतीवर चिखलफेक केली. ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून पुस्तक लिहिले : ‘स्त्री-पुरुष तुलना’. १८८२ साली पुण्यात ते छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

या पुस्तकाची युक्तिवादाची रीत पाहण्यासारखी आहे. ताराबाई दयेची याचना करीत नाहीत. त्या काळचे सुधारकसुद्धा विधवेविषयी बोलताना बहुधा कणवेच्या भाषेत बोलत; ताराबाई हिशेबाच्या भाषेत बोलतात. स्त्रियांवर जे दुर्गुण लादले जातात, कपट, अविचार, चंचलता, लोभ, ते एकेक करून त्या समोर मांडतात आणि विचारतात की हे पुरुषांत नाहीत काय? बायको मेली की दुसरीचा शोध घेणाऱ्या पुरुषाला कोणी अपशकुनी म्हणत नाही, मग नवरा मेला की बायकोनेच का तोंड लपवावे? विधवेला ज्याने फसवले तो उजळ माथ्याने फिरतो आणि ती मात्र न्यायाच्या पिंजऱ्यात उभी राहते, हा कोठला न्याय? देवाने स्त्री आणि पुरुष दोन्ही निर्माण केले, मग सारे नियम एकाच बाजूचे कसे? आणि धर्मशास्त्रे ज्यांनी लिहिली ते कोण होते?

एवढ्यावर त्या थांबत नाहीत. त्यांच्या काळी वाचल्या जाणाऱ्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या कादंबऱ्या आणि स्त्रियांची वाईट चित्रे रंगवणारी नाटके यांचाही त्या समाचार घेतात. पुरुष लेखकाने आपल्या कल्पनेतली स्त्री रंगवायची, आणि मग तीच खरी मानून घरातल्या स्त्रीला दोष द्यायचा, ही लबाडी त्यांनी ओळखली होती. वाङ्मयातील स्त्रीचित्रणाची चिकित्सा म्हणून आज विद्यापीठांत जे शिकवले जाते, त्याचा आरंभ मराठीत बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली करून ठेवला होता.

मग झाले काय? पुस्तकाची कुचेष्टा झाली. सनातन्यांनी ती करावी यात नवल नाही. परंतु पुरोगामी म्हणवणाऱ्या वर्तुळातूनही टीका झाली. ज्योतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि त्यांच्या ग्रंथाची बूज राखली. तो एक अपवाद. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. पाचशे प्रती कोठे वाळवीने खाल्ल्या, कोठे रद्दीत गेल्या. मराठी वाङ्मयाचे इतिहास लिहिले गेले, स्त्रीसुधारणेचे इतिहास लिहिले गेले, त्यांत ताराबाईंना जागा मिळाली नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी हे पुस्तक संपादून पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा महाराष्ट्राला कळले की आपल्याकडे अशी एक बाई होऊन गेली. मध्ये त्र्याण्णव वर्षे गेली होती. पुढे १९९४ साली रोझालिंड ओहॅनलन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि आज ते जगभर वाचले जाते.

हे विस्मरण का घडले, याचे उत्तर व्यक्तींच्या दुष्टपणात शोधू नये. त्याची कारणे व्यवस्थेत आहेत. पुस्तक जिवंत राहते ते पुनर्मुद्रणाने, पाठ्यपुस्तकात लागल्याने, मासिकांतील चर्चेने, ग्रंथालयाच्या यादीत नोंद झाल्याने. ही सारी साधने ज्या वर्गाच्या आणि ज्या जातींच्या हाती होती, त्यांनी आपल्या माणसांची स्मृती जपली. रमाबाई रानडे यांच्या आठवणी, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही मराठीची अमोल लेणी आहेत. पण न्यायमूर्तींची पत्नी, कवी टिळकांची पत्नी या नात्याने त्या पुस्तकांना वाचकांचे एक वर्तुळ आधीच लाभले होते, हेही खरे आहे. ताराबाईंना असे वर्तुळ नव्हते. ज्या सत्यशोधक चळवळीशी त्यांचे घर जोडलेले होते, तिचेच कागदपत्र पुढे दुर्लक्षिले गेले. खुद्द सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ सालचा. त्यांचे समग्र वाङ्मय मा. गो. माळी यांनी संपादिले आणि राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले ते १९८८ साली. म्हणजे स्त्री म्हणून होणारी उपेक्षा सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. जात आणि वर्ग तिच्यात आपापली भर घालतात. समाजवाद्यांना हे वेगळे सांगायला नको. पण आपण ते राजकारणात बोलतो आणि वाङ्मयापाशी आलो की विसरतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करते. विसरलेल्या स्त्रीला शोधून काढायचे आणि लगेच तिला मखरात बसवायचे, ही आपली जुनी खोड आहे. मखर हाही विस्मरणाचाच एक प्रकार आहे. ताराबाईंच्या मनात इंग्रजी राज्याविषयी कृतज्ञता होती; पातिव्रत्याची चौकट त्यांनी पुरती मोडलेली नाही. हे झाकू नका. त्या आपल्या काळात उभ्या राहून आपल्या काळाशी भांडत होत्या. त्यांचे म्हणणे नीट वाचावे, जेथे पटत नाही तेथे वाद घालावा, हाच लेखिकेचा खरा सन्मान. जयंतीला हार घालून पुस्तक न उघडणे हा नव्हे.

आता ज्यांना अक्षरच मिळाले नाही त्यांच्याकडे वळते. बहिणाबाई चौधरी आपल्या सर्वांच्या तोंडी आहेत. जळगाव जिल्ह्यातील आसोद्याच्या या शेतकरी स्त्रीने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. घरात आणि शेतात काम करताना त्या गाणी रचीत आणि मुलगा सोपानदेव व एक नातलग ती टिपून ठेवीत. १९५१ साली त्या वारल्या. आचार्य अत्र्यांच्या हाती ती वही पडली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. विचार करा, त्यांचा मुलगा कवी नसता तर? आपण हळहळून म्हटले असते की खानदेशात सुंदर ‘लोकगीते’ आहेत.

साने गुरुजींचे ऋण येथे मान्य केलेच पाहिजे. बायकांच्या ओव्यांत साहित्य आहे हे ओळखून त्यांनी त्या गोळा केल्या आणि ‘स्त्री जीवन’ या संग्रहात दिल्या. तो संग्रह म्हणजे मायेचे काम आहे. मात्र त्यातील ओव्या विषयांनुसार लावलेल्या आहेत, रचणारीनुसार नव्हे. त्या काळची ती रीतच होती. ती रीत बदलली हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी. गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या साहाय्याने त्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संग्रहालय त्या लोकांपुढे ठेवीत आहे, आणि तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव, तिचे गाव, तालुका, तिचा व्यवसाय यांची नोंद असते. मी जेव्हा ती पाने पाहिली, तेव्हा मला माझा सायक्लोस्टाइलचा कागद आठवला. नाव लिहिणे इतके सोपे होते!

कलावंत स्त्रियांचे दुःख आणखी निराळे. त्यांचे नाव लोकांना ठाऊक असते, पण त्यांच्या आयुष्याला मोल नसते. विठाबाई नारायणगावकर यांचे उदाहरण घ्या. तमाशाच्या फडात वाढलेल्या या कलावतीने राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळवले. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, खेळाच्या मध्येच बाळंत झाल्या, आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. कौतुक कसले? ज्या कामगार स्त्रीला बाळंतपणाची एक दिवसाची रजा नाही, तिची ती कहाणी आहे. गिरणीतल्या बाईविषयी असे घडले असते तर आपण मोर्चा काढला असता. कलावतीच्या बाबतीत आपण टाळ्या वाजवल्या. उत्तरायुष्यात विठाबाईंची आर्थिक ओढाताण झाली. २००२ साली त्या गेल्या. २००६ पासून त्यांच्या नावे राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. गेलेल्यांचा गौरव करण्यात आपला समाज कधीच कमी पडत नाही.

पण निराश होण्याचे कारण नाही. या शतकाच्या आणि गेल्या शतकाच्या अनुभवाने हेही दाखवले आहे की शोधले की सापडते. फलटणच्या बेबी कांबळे आपल्या छोट्याशा दुकानात बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, आपल्या समाजाची कहाणी लिहीत होत्या. घरच्यांच्या भीतीने ते लेखन त्यांनी वीस वर्षे लपवून ठेवले. मॅक्सीन बर्नसन यांनी त्याची विचारपूस केली, ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. कोणीतरी विचारले, म्हणून ते वाचले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या वृद्ध स्त्रियांना शोधून काढले, त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ दिला. त्यांच्यामागे कोणतेही मोठे विद्यापीठ नव्हते. त्यांनी पायपीट केली. १९९१ आणि १९९३ साली सुझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय भाषांतील स्त्रियांच्या लेखनाचे दोन खंड संपादिले. त्यांत मुक्ताबाई आणि ताराबाई दोघीही आहेत. अशी पायपीट आणि असा संकलनाचा उद्योग हे चळवळीचेच काम आहे.

म्हणून माझी आपणांस काही साधी विनंती आहे. आपापल्या तालुक्याच्या कार्यालयात जा. भिंतीवरची जुनी छायाचित्रे खाली काढा. त्यांच्याखाली पुरुषांची नावे असतील आणि पुढे ‘व इतर महिला’ असे लिहिलेले असेल. त्या ‘इतर’ कोण, हे सांगू शकणारी माणसे अद्याप हयात आहेत तोवर विचारून घ्या. सभेच्या इतिवृत्तांत कोणी गीत म्हटले, कोणी रचले, हे लिहा. कलापथकात नाचलेल्या, गायिलेल्या, पोवाड्याला झील धरलेल्या मुली आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जा. आजीच्या ट्रंकेत एखादी गाण्यांची वही असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. आणि ज्या स्त्रिया आज लिहीत आहेत, ऊसतोडीच्या फडावर, अंगणवाडीत, घरकाम करणाऱ्यांच्या संघटनेत, त्यांच्या लेखनाला आपल्या पत्रात जागा द्या आणि खाली त्यांचे पूर्ण नाव छापा. शंभर वर्षांनी कोणा मालशे यांना शोध घेण्याची वेळ येऊ नये.

समाजवाद म्हणजे संपत्तीचे न्याय्य वाटप, असे आपण शिकलो. स्मृती हीसुद्धा संपत्तीच आहे. तीही मूठभरांच्या हाती साठली आहे आणि तिचेही वाटप व्हायला हवे.

माझ्या त्या पिवळ्या कागदाचे मी काय केले, हे सांगून थांबते. गाण्यांखालचा ‘लोकगीत’ हा शब्द मी लाल शाईने खोडला आणि लिहिले : ‘आमच्या मोर्चातील एका विडी कामगार स्त्रीची रचना. तिचे नाव विचारण्याची मला बुद्धी झाली नाही.’ खाली माझी सही केली. तो कागद कार्यालयात लावलेला आहे. आपल्यापैकी कोणी तिकडे आले आणि कोणाच्या आठवणीत ते नाव असले, तर मोकळी जागा मी ठेवलेली आहे.